कोरी भिंत

खडू पडून तुटल्याचा आवाज मला सहन होत नाही. शिक्षकाने हे कबूल करू नये, कारण आमच्या धंद्यात तो आवाज दिवसातून दहा वेळा येतो. पोरांना माझी ही खोड ठाऊक होती. मागच्या बाकावरची कार्टी मुद्दाम खडू पाडायची आणि मी दचकलो की खुदूखुदू हसायची. हसू देत बापडी. त्यांनी सरांची खोली पाहिली नव्हती.

सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मी जुन्नरला नोकरीला लागलो तेव्हा ते निवृत्तीला टेकले होते. उंच, जरा वाकलेले, सदऱ्याचं गळ्याचं बटण भर उन्हाळ्यातही लावलेलं, आणि खिशात कायम दोन अख्खे खडू. आवाज कधी चढलेला ऐकला नाही. त्यांच्या तासाला वर्ग चिडीचूप असायचा, पण ती शांतता मला कधी बरी वाटली नाही. एकदा हजेरीपट मागायला मी आत डोकावलो, तर चाळीस पोरं उघड्या डोळ्यांनी फळ्याकडे बघत होती आणि एकही पापणी हलत नव्हती. तास सुटल्यावर एकाला विचारलं, "काय शिकवलं रे सरांनी?" तो म्हणाला, "आठवत न्हाई." परीक्षेत मात्र त्याच पोराने ओळ न् ओळ बरोबर लिहिली.

सरांची खरी ख्याती शाळेबाहेरची. ते लोकांची बिडी-सिगारेट सोडवायचे. स्वतः त्याला संमोहन म्हणत. गाव म्हणे, मास्तर नजर बांधतो. हे कानावर आलं की त्यांना राग यायचा. राग आला की ते आणखी हळू बोलत. "मी बांधत नाही हो, मोकळं करतो," एवढंच म्हणत.

बाजारपेठेत एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर त्यांची भाड्याची खोली होती. रविवारी दुपारी बारा ते दोन हीच त्यांची वेळ. खाली दुकानदार अर्ध्या फळ्या लावून जेवायला गेलेले, गल्लीत कुत्रंसुद्धा सावलीला, आणि माडीवर एक माणूस खुर्चीत बसलेला. लोक म्हणत, असली कामं संध्याकाळी करावीत, बाराची वेळ वाईट. सर म्हणत, "अंधारात माणूस आपणहूनच अर्धा झोपलेला असतो. त्यात माझं काय कौशल्य?" पैसे घेत नसत. येताना खडूची एक पेटी आणा म्हणत, आणि ती शाळेत जमा करत.

रीत अशी. ओढणाऱ्याने घरातलं एक माणूस बरोबर आणायचं. त्या घरच्या माणसाने वहीच्या कागदावर बिडीच्या सोबत्यांची यादी लिहायची. सोबती म्हणजे जे जवळ आलं की बिडीची तलफ येते ते. कुणाचा सकाळचा चहा, कुणाचं एसटीची वाट बघणं, कुणाचं परसाकडे जाणं. ओढणाऱ्याला लिहू देत नसत. "तो खोटं लिहितो. घरचे खरं लिहितात, कारण ते चिडलेले असतात." यादीत सगळ्यात जोरकस जो असेल तो वर. सर फक्त वरच्यालाच हात घालत. म्हणत, वरची गाठ सुटली की खालच्या आपोआप सुटतात.

मग त्या माणसाच्या दोन बोटांत, बिडी धरतात तसा, एक खडू द्यायचे. दुसरा स्वतःच्या बोटांत. खुर्चीमागे उभे राहून म्हणायचे, "समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघा." आणि बोलू लागायचे. थोड्या वेळाने खडू माणसाच्या बोटांतून निसटून फरशीवर पडायचा. तो तुटला की सर पुढचं सांगत. त्यांच्या फरशीवर कायम पांढरे तुकडे असायचे, चालताना पायाखाली करकरायचे.

"सोडली म्हणायचं नाही," हा त्यांचा पाठ होता. "सोडलेली वस्तू कुठेतरी पडून असते. माणूस वाकतो आणि पुन्हा उचलतो. नव्हतीच म्हणायचं. नव्हतं ते कोण उचलणार?"

आमच्या शाळेचे शिपाई बबनमामा हे मी जवळून पाहिलेलं पहिलं उदाहरण. व्हरांडा झाडताना मास्तर लोकांनी टाकलेली थोटकं वेचून ओढायची त्यांची सवय. यादीत बायकोने पहिलं तेच लिहिलं: थोटकं. एका रविवारी मामा माडीवर जाऊन आले आणि सोमवारपासून बिडी बंद. पंधरा दिवसांनी मुख्याध्यापक ओरडले, व्हरांडा झाडता की चेष्टा करता? आम्ही जाऊन बघितलं. व्हरांडा आरशासारखा लख्ख, आणि जागोजागी थोटकं जशीच्या तशी. प्रत्येकाभोवती झाडूच्या काड्यांची गोल रेघ. मामा झाडू घेऊन उभे. "काय ऱ्हायलंय साहेब? दावा की." मुख्याध्यापकांनी बोट दाखवलं. मामांनी वाकून त्या थोटकाच्या बरोबर शेजारी बघितलं, आणि म्हणाले, "काय बी न्हाई हितं."

आम्ही पोट धरून हसलो. मी जरा जास्तच हसलो असेन. घरी गेल्यावर मात्र मला जेवण गेलं नाही.

पेठेतल्या एका कापडवाल्याचा सोबती निघाला रेडिओ. दुपारी गाणी लागली की हा सिगारेट पेटवायचा. सरांकडे जाऊन आल्यावर त्याची सिगारेट सुटली, पण दुकानात रेडिओ मोठ्याने वाजत असताना तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "आमचा रेडिओ बिघडलाय, नवा घ्यायचाय." बायकोने एकदा आवाज पार कळसाला नेला. आजूबाजूचे दुकानदार धावत आले. हा त्यांना विचारतो, "का वो, काय झालं?"

याला चमत्कार म्हणावं की आणखी काही, ते गावाला ठरवता येत नव्हतं. बिडी सुटत होती एवढं खरं. त्यामुळे लोक खडूच्या पेट्या घेऊन येतच राहिले.

त्या खोलीत मी पहिल्यांदा गेलो तो स्टाफच्या सहलीचा हिशेब द्यायला. सरांनी चहा टाकला. मी सहज समोरच्या भिंतीकडे बघितलं. भिंतीवर एक फोटो होता. दहा-बारा वर्षांची मुलगी, दोन वेण्या, लाल रिबिनी, हसताना ओठाआड दडवलेला पुढचा वाकडा दात. फोटोला ताज्या शेवंतीचा हार होता. मी म्हणालो, "सर, ही..." आणि हात केला.

सरांनी माझ्या हाताच्या दिशेने पाहिलं. शांतपणे, नीट पाहिलं. "भिंत ना? मुद्दामच कोरी ठेवलीये. बघणाऱ्याचं लक्ष कुठे अडकायला नको."

मी चहा पिऊन खाली आलो. जिन्याच्या तोंडाशी घरमालकीण काकू घमेल्यात राख घेऊन भांडी घासत होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि न विचारताच म्हणाल्या, "बगितला न्हवं फोटू?"

त्यांच्याकडून कळलं ते असं. ती सरांची लेक. तापाने गेली, चार दिवसांत. सरांनी त्यानंतर अन्न सोडलं आणि सिगारेट धरली. लेकीच्या फोटोसमोर बसायचे आणि एकीवर एक पेटवायचे. "खोलीतून धूर निघायचा, आमाला वाटायचं आग लागली. वरीसभर ह्येच. मास्तरांच्या बाई रडून रडून म्हनायच्या, पोरगी गेली, आता तुमीबी जानार. मग कसली कसली पुस्तकं मागवली पुन्यावरनं. कोंडून घेतलं तीन दिस. चौथ्या दिवशी दार उगडून भाईर आले ते हसत. म्हनले, काकू, आज पिठलं करा. शिग्रेट न्हाई, रडनं न्हाई. आमाला लई बरं वाटलं. मग बाईंनी इचारलं, फोटूला हार आनू का? तर म्हनले, कसला फोटू?"

"मग?"

"मग काय. बाई त्याच हप्त्यात माहेरी गेल्या, त्या आल्याच न्हाईत. पोरीला बिनहाराचं कसं ठेवायचं? म्या घालते रोज. त्यांच्या म्होरं घालते. त्यानला दिसत न्हाई."

खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला ती मुलगी दिसत असणार. कोणी बोलत नव्हतं. बऱ्याच जणांना तो इलाजाचाच भाग वाटायचा. बबनमामांना मी विचारलं, तर म्हणाले, "त्या पोरीकडं बगत ऱ्हायचं, मंग झोप येती."

इतकं ठाऊक असून मी माझ्या वडिलांना त्या खुर्चीत नेलं. ही गोष्ट मी फिरवून सांगणार नाही. शहाणपण होतं, पण भीती त्याहून मोठी होती. आबांचा एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले होते, बिडी थांबली नाही तर वर्षसुद्धा धरू नका. आबा खोकायला लागले की आई देवापुढे जाऊन बसायची. मी धाकटा, एकटा नोकरदार, घरातला शहाणा. मी म्हटलं, मी बघतो.

आबा राजुरीला मळ्यात राहायचे. त्यांची बिडी म्हणजे भिवाकाका. भिवाकाका एसटीत मेकॅनिक होते, निवृत्त होऊन गावी आलेले. रोज सकाळी ते बौद्धवाड्यातून आमच्या मळ्यावर यायचे, मोटारीच्या खोलीपुढच्या दगडावर दोघं बसायचे, आणि लाइट येईपर्यंत एका बिडीवर दुसरी पेटायची. कित्येकदा दोघांत एकच. दोन झुरके ह्याचे, दोन त्याचे.

ह्या एका बिडीची कहाणी गावात सगळ्यांना ठाऊक होती. पोरसवदा असताना आमच्या विहिरीवर भिवाकाकांना वरून ओंजळीत पाणी ओतायचे. त्या काळात आबांनी सगळ्यांसमोर त्यांच्या तोंडातली उष्टी बिडी काढून आपल्या तोंडात घातली. आमच्या आजोबांनी आबांना चाबकाच्या वादीने मारलं. दुसऱ्या दिवशी आबा पुन्हा तिथेच, पुन्हा तीच बिडी. नंतर पाणीही एका तांब्यातलं झालं, जेवणंही झाली, पण त्या आधी चालली ती बिडी. भिवाकाका हसत म्हणायचे, "तुज्या बापानं माज्यापायी फटकं खाल्लं, आन् नाद लागला तो लागला."

मी त्या मायेकडे बघायला हवं होतं. मला दिसला तो नाद. यादी लिहायला बसलो आणि पहिल्या ओळीत लिहिलं: भिवाकाका. खाली दोन रेघा मारल्या.

सरांनी कागद वाचला. "हा माणूस आहे?"

"हो सर."

"हयात?"

"हो."

त्यांनी कागद पुन्हा वाचला. "माणूस याआधी कोणी लिहिला नव्हता," म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "पण गाठ ती गाठ. काही अडत नाही. सवय होते. वरच ठेवू?"

मला वाटलं, फार तर आबा त्यांच्याकडे जायचं कमी करतील. बबनमामांची थोटकं डोळ्यांसमोर आली होती, खोटं कशाला बोलू. तरी मी म्हणालो, "ठेवा."

आबा खुर्चीत बसले, मुलीच्या फोटोकडे बघून ओळखीचं हसले, आणि दहा मिनिटांत खडू तुटला.

आबांची बिडी त्या दिवशी बंद झाली. आठवड्यात खोकला निम्म्यावर आला. आईने मला मोबदला म्हणून पुरणपोळी केली. पुढच्या रविवारी मी मळ्यावर गेलो. सकाळची वेळ. मोटारीच्या खोलीपुढच्या दगडावर आबा बसले होते आणि त्यांच्या शेजारी, हातभर अंतरावर, भिवाकाका.

आबा मला म्हणाले, "आठ दिस झालं, भिवा काय फिरकला न्हाई रं. आजारी पडला का काय?"

भिवाकाका खाली मान घालून जमिनीवर काडीने रेघोट्या मारत होते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आट दिस ह्येच चाललंय. पयल्यांदा वाटलं गंमत करतोय. म्या बी हसलो. दोन रोज हसलो." मग त्यांनी आबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आबांनी गुडघा खाजवला आणि पाय आवळून घेतला.

"किसना," भिवाकाका म्हणाले, "आरं बग की हिकडं."

आबा रस्त्याकडे बघत होते. भिवाकाका ज्या वाटेने यायचे त्याच वाटेकडे.

भिवाकाका उठले. मला म्हणाले, "गावात लोक काय म्हनत्यात ठावं हाय? म्हनत्यात, म्हातारपनी पाटलाला जात आटवली. म्या भांडलो त्यांच्याशी. म्हनलं, माजा किसन तसला न्हाई. पर आता तूच सांग. पन्नास वर्सं एका बिडीवर काढली, आन् आता शेजारी बसलेला मानूस दिसत न्हाई व्हय ह्याला?"

मी त्यांना तिथेच सगळं सांगितलं. यादी, दोन रेघा, 'ठेवा' म्हणालो ते सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. विश्वास बसला की नाही कळलं नाही. एवढंच म्हणाले, "तू लिवलंस. लहानपनी तुला खांद्यावर घिऊन जत्रंत फिरलो, आन् तू लिवलंस." आणि निघून गेले. मला त्या क्षणी धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, आणि नंतरही कित्येक दिवस वाटत राहिलं.

त्या संध्याकाळी आबा बौद्धवाड्यात गेले. भिवाकाकांच्या दारात उभे राहून त्यांनी हाक मारली, "भिवा हाय का घरात?" भिवाकाका उंबऱ्यातच उभे होते. अख्खी गल्ली बघत होती. आबा थोडा वेळ थांबले, मग परत आले आणि आईला म्हणाले, "मी बिडी सोडली म्हनून रुसलाय. ओ बी दिली न्हाई." त्या रात्री ते जेवले नाहीत. म्हणजे इकडे एक म्हातारा मित्र रुसला म्हणून झुरत होता, आणि तिकडे दुसरा मित्राला आपला विटाळ वाटू लागला म्हणून. मधे मी, बिडी सोडवणारा शहाणा.

मी सरांकडे धावलो. म्हटलं, हे काढून टाका.

सर म्हणाले, "काढायला आजवर कोणी आलं नाही."

"पण काढता येतं ना?"

"येत असावं. सांगितलेलंच उलट सांगायचं. पण बिडी परत येईल. डॉक्टर काय म्हणाले ते लक्षात आहे ना?"

"आहे सर."

"मग? माणूस दिसला नाही म्हणून कोणी मरत नाही. मी सांगतो ना." असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचे डोळे त्या भिंतीवर होते, दोन वेण्यांच्या बरोबर मधे, आणि त्यांत काहीही नव्हतं. माझ्या जिभेवर आलं होतं, सर, तिथे काय आहे बघा. पण मी ते गिळलं. एका घरात हात घालून मी काय केलं होतं ते मला पुरेसं कळलं होतं.

"बिडी परत येऊ दे," मी म्हणालो. "आबा कमी जगले तरी चालतील, पण असे नको." हे वाक्य मुलाने बापाबद्दल म्हणायचं नसतं. मी म्हणालो.

सरांची अट एकच होती. जो पुन्हा दिसायला हवा तो समोर हजर हवा.

भिवाकाकांना आणायला मला तीन खेपा घालाव्या लागल्या. "मला न बगनाऱ्याच्या मागं मी कशाला हिंडू?" म्हणत. तिसऱ्या खेपेला त्यांच्या बायकोने त्यांची टोपी आणून त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "जावा. त्यो बी जेवत न्हाई म्हनं."

एसटीत भिवाकाका खिडकीशी बसले, आबा त्यांच्या शेजारी, मी मागे. कंडक्टरने तीन तिकिटं फाडली तेव्हा आबा म्हणाले, "तीन कशाला? आपुन दोगंच." आणि हातातली पिशवी त्यांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवली. ती भिवाकाकांच्या मांडीवर बसली. भिवाकाकांनी जुन्नर येईपर्यंत दोन्ही हातांनी ती पिशवी सांभाळून धरली, खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा तर अगदी छातीशी.

पुढचं सांगण्याआधी आबांचं सांगून टाकतो. बिडी परत आली. आबा त्यानंतर दोन वर्षं जगले. डॉक्टरांच्या हिशेबाहून जास्त, आणि आईच्या हिशेबाने फार कमी. शेवटच्या दिवसांत भिवाकाका उशाशी बसून असायचे. दहाव्याला पिंडाशेजारी त्यांनीच बिडी ठेवली, आणि ठेवण्याआधी तिचे दोन झुरके घेतले. कावळा लगेच शिवला. मला अपराधी वाटतं का, असं लोक विचारतात. वाटतं. पण ते बिडी परत दिल्याबद्दल नाही.

आणि सरांनी त्या दुपारनंतर कोणालाही खुर्चीत बसवलं नाही. का, ते आम्हा तिघांना आणि काकूंनाच ठाऊक होतं.

बारा वाजून गेले होते. खाली फळ्या लागल्या होत्या. माडीवर इतकी शांतता की चालताना खडूचे तुकडे करकरले तेवढाच आवाज. सरांनी आबांना खुर्चीत बसवलं, बोटांत खडू दिला. भिवाकाकांना म्हणाले, "तुम्ही समोर उभे राहा, त्या कोऱ्या भिंतीपाशी." भिवाकाकांनी भिंतीकडे पाहिलं, मग सरांकडे, मग माझ्याकडे. मी मान हलवली. ते फोटोच्या खाली जाऊन उभे राहिले, मुलीचा चेहरा त्यांच्या टोपीच्या थोडा वर. काकू पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. त्या दिवशी हार झेंडूचा होता.

सर नेहमीसारखे खुर्चीमागे उभे राहिले. स्वतःचा खडू बोटांत धरला. आबांच्या डोक्यावरून त्यांची नजरही त्याच भिंतीवर. आणि बोलू लागले, हळू, आणखी हळू. आबांच्या पापण्या जड झाल्या. खडू पडला, तुटला.

"तुम्हाला मी नव्हतं म्हणालो होतो," सर म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी न ऐकलेला होता. हे शब्द त्यांनीही पहिल्यांदाच उच्चारले असणार. "ते खरं नव्हतं. होतं. तुमचंच होतं. ते गेलेलं नाही, तुमच्या डोळ्यांसमोर आहे. दुखलं तरी चालेल. डोळे उघडा, आणि समोर बघा."

आबांनी डोळे उघडले.

"आरं भिवा! कवा आलास?"

"मगाधरनं हितंच हाय, मुडद्या," भिवाकाका म्हणाले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. आबा धडपडत उठले. त्यांनी भिवाकाकांची मुंडी धरून आपल्या खांद्यावर दाबली. "म्या तुज्या दारात आलतो रं, तू ओ दिली न्हाईस," असं काहीतरी म्हणत होते. मीही रडत होतो. सुटलो, असं मला वाटलं.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे खडू तुटल्याचा आवाज आला.

मी वळलो. सरांची दोन बोटं तशीच हवेत होती, मधे काही नव्हतं. ते भिवाकाकांच्या टोपीच्या वर बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. एका हाताने त्यांनी स्वतःच्या गळ्याशी चाचपलं आणि ते कायम लावलेलं बटण उघडलं, जणू खोलीतला वारा संपला होता.

"काकू," ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "काकू, हिला हार कोणी घातला?"

काकूंनी तांब्या उंबऱ्यावर ठेवला.

पुढे झाले ते भिवाकाका. त्यांनी सरांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं, भिंतीकडे तोंड करून. कानावरची बिडी काढली, आपल्या ओठांत धरून ओली केली, आणि सरांच्या त्या दोन बोटांत ठेवली. सरांनी ती तोंडाला लावली.

काडी आबांनी ओढली.